जुन्या स्पोर्ट्‌स कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडलाय? बॉक्स खाली उतरवण्याआधी हे तपासा

जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर उशिरा पडू लागला, झटका मारू लागला किंवा रेस वाढूनही गाडी ओढेनाशी झाली, की छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, कुठेही गेलात तरी सल्ला एकच मिळतो: "बॉक्स उतरवून बघू." यात मिस्त्रीचा दोष नाही. असा बॉक्स आपल्या भागात वर्षानुवर्षे कुणाच्या हाताखालून जातच नाही. पण बॉक्स उतरवणं हे शेवटचं काम आहे. गिअर कधी पडायचा आणि किती जोरात पडायचा, हे ठरवणाऱ्या बहुतेक गोष्टी बॉक्सच्या बाहेर असतात. गाडी स्टँडवर घेतली की त्या हाताने तपासता येतात.

हा लेख जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० या तीन गिअरच्या बॉक्सबद्दल आहे. लोक त्याला टीएच ४०० म्हणतात. १९६४ च्या मॉडेलपासून तो आला. १९६८ पासून कॉर्व्हेटमध्ये आणि १९७७ पासून जॅग्वार एक्सजे-एस व्ही-१२ मध्ये तोच बसला. फेरारी ४०० ऑटोमॅटिक आणि रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्येही तोच आहे. त्याचा धाकटा भाऊ टीएच ३५० सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही कॉर्व्हेटमध्ये सापडतो. जिथे तो वेगळा पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

या बॉक्समध्ये कॉम्प्युटर नाही. इंजिनवर भार किती आहे हे त्याला व्हॅक्यूम मॉड्युलेटर सांगतो, गाडीचा वेग गव्हर्नर सांगतो आणि तुमची इच्छा लिव्हर सांगतो. ॲक्सिलरेटर तळाला दाबला की किकडाउनचा, म्हणजे जोरासाठी खालचा गिअर मागणारा, चौथा संदेश जातो. यातला एक संदेश जरी चुकीचा गेला तरी धडधाकट बॉक्स बिघडल्यासारखा वागतो.

१. आधी बॉक्स ओळखा

गाडीखाली वाकून पॅनचा, म्हणजे बॉक्सच्या तळाला बोल्टने बसवलेल्या ऑइलच्या ताटाचा, आकार बघा. टीएच ३५० चा पॅन जवळपास चौकोनी असतो आणि त्याचा एकच कोपरा तिरका कापलेला असतो. टीएच ४०० चा पॅन वेडावाकडा, लांबट असतो. दोन्हींना १३ बोल्ट असतात, त्यामुळे बोल्ट मोजून उपयोग नाही. दुसरी खूण किकडाउनची. ४०० च्या अंगात विजेची वायर शिरते, तर ३५० मध्ये ॲक्सिलरेटरकडून केबल येते.

जॅग्वारवाल्यांनी इथे जास्त सावध राहावं. १९७७ च्या आधीच्या एक्सजे-एसमध्ये बोर्ग-वॉर्नरचा बॉक्स होता. सहा सिलिंडरच्या एक्सजे-एसमध्ये झेडएफचा चार गिअरचा बॉक्स आहे. नव्वदच्या दशकातल्या सहा लिटर व्ही-१२ मध्ये जनरल मोटर्सचाच, पण इलेक्ट्रॉनिक चार गिअरचा आहे. १९८२ च्या कॉर्व्हेटमध्येही चार गिअर आहेत. या चारही ठिकाणी खालचे आकडे लावू नका. सुटे भाग परदेशातून मागवताना गाडीच्या नावाऐवजी बॉक्सच्या नावाने शोधा. कॉर्व्हेटच्या टीएच ४०० चं फिल्टर किट बहुतेक वेळा जॅग्वारच्या टीएच ४०० ला चालतं आणि ते बऱ्याच कमी पैशांत मिळतं.

२. काय काय जमवून ठेवायचं

- तुमच्या गाडीच्या मॉडेल-वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल
- डेक्स्रॉन ३ दर्जाचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल, ६ लिटर
- फिल्टर किट: फिल्टर, त्याच्या नळीची ओ-रिंग, पॅनचं गॅस्केट
- नवा मॉड्युलेटर आणि त्याची ओ-रिंग
- व्हॅक्यूमसाठीचा जाड भिंतीचा रबरी पाइप, १ मीटर
- व्हॅक्यूम गेज आणि हातपंप
- ० ते ३०० पीएसआयचा, म्हणजे सुमारे २१ किलोपर्यंतचा प्रेशर गेज, २ मीटर होजसह
- मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प
- इंचातले पाने. पॅनच्या बोल्टला अर्धा इंच लागतो. १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण घट्ट बोल्टचं डोकं गोल करून टाकतो
- कमी टॉर्कचा टॉर्क पाना
- ३ टनाचे ४ स्टँड
- धागे न सुटणारं कापड. गॅरेजमधलं सुती वेस्ट इथे चालत नाही. त्याचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला तरी गिअर अडतो

प्रेशर गेजबद्दल एक इशारा. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत हायड्रॉलिक होज बनवणाऱ्यांकडे गेज आणि जोडणी सहज मिळते, पण तिथे बहुधा बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, आट्यांचा माल असतो. या बॉक्सच्या टेस्ट पोर्टला (दाब मोजण्यासाठीच्या भोकाला) १/८ इंच एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे, आटे आहेत. १/८ बीएसपीला इंचात २८ आटे, तर १/८ एनपीटीला २७. सुरुवातीचे एक-दोन फेरे फिरतात आणि मग अडतं. तिथे जोर लावलात तर ॲल्युमिनियमच्या केसचे आटे गेलेच समजा. दुकानदाराकडून 'एनपीटी' असं स्पष्ट वदवून घ्या. मिळालं नाही तर लेथवाल्याकडून ॲडॅप्टर करून घ्या.

३. लक्षण कागदावर उतरवा

"गिअर नीट पडत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. पहाटे, रहदारी नसताना, ओळखीच्या सरळ रस्त्यावर गाडी न्या. समृद्धी महामार्ग यासाठी वापरू नका, तिथे मध्येच थांबून तपासणी करता येत नाही. शेजारी कुणाला तरी वही घेऊन बसवा आणि पुढच्या गोष्टी टिपा:

- गाडी थंड असताना आणि अर्धा तास चालल्यावर वागणं सारखंच आहे का?
- हलक्या पायाने पहिल्यातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा कोणत्या वेगाला पडतो? डिफरन्शिअलच्या रेशोप्रमाणे फरक पडतो, तरी पहिला-दुसरा ताशी १५ ते २५ किलोमीटर आणि दुसरा-तिसरा ३० ते ४५ च्या दरम्यान पडायला हवा.
- पडताना झटका बसतो, की मध्येच रेस चढून मग पकडतो?
- डी मध्ये टाकल्यावर पकडायला किती सेकंद लागतात? रिव्हर्समध्ये किती?
- सायलेन्सरमधून पांढरा-करडा धूर येतो का?

धूर आणि उशिरा पडणारे गिअर एकत्र दिसले, तर थेट सहाव्या टप्प्यावर जा.

डी मध्ये टाकताना बसणारा 'ठक्' हा बऱ्याचदा बॉक्सचा नसतोच. कॉर्व्हेट आणि जॅग्वार, दोन्हींच्या मागच्या हाफशाफ्टना युनिव्हर्सल जॉइंट असतात. प्रोपेलर शाफ्टचे धरून ते सहा होतात. एक जरी सैल झाला तरी तोच आवाज येतो. गाडी स्टँडवर घेऊन प्रत्येक शाफ्ट हाताने मागेपुढे फिरवून बघा. बॉक्सखालच्या माउंटचं रबर फाटलंय का, हेही बघा. इंजिनची आयडलिंग रेस जास्त असेल तर आधी ती मॅन्युअलप्रमाणे लावा. नाहीतर पुढचं कुठलंच निरीक्षण खरं मानता येणार नाही.

४. ऑइल: पातळी, रंग, वास

पातळी बघण्याची पद्धत ठरलेली आहे. गाडी किमान २० ते २५ किलोमीटर चालवा, सपाट जागेवर उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवर एकदा फिरवा, पी मध्ये आणा आणि इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढा. ऑइल ८० ते ९० अंशांवर असायला हवं. इंजिन बंद करून बघितलं तर कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद ऑइलमधून बॉक्सला देणाऱ्या भागातलं) ऑइल पॅनमध्ये उतरतं आणि पातळी खोटी जास्त दिसते. महिनाभर उभी असलेली गाडी तर डिपस्टिकवर हमखास ओसंडलेली दिसते. ते बघून ऑइल काढून टाकू नका.

'ॲड' आणि 'फुल' या खुणांमधलं अंतर अर्ध्या लिटरपेक्षा थोडं कमी असतं. म्हणून एका वेळी पाव लिटरच ओता. जास्त ओतलेलं ऑइलही घातक आहे. फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, पंप हवा ओढतो आणि क्लच घसरतात. कमी ऑइलचंही लक्षण नेमकं हेच असतं. त्यामुळे "घसरतंय, अजून ओता" हा उपाय पातळी न बघता कधीच करू नका.

रंगावरून बरंच कळतं. लालसर पारदर्शक ऑइल चांगलं. तपकिरी पण वास नसलेलं ऑइल जुनं झालेलं असतं, ते बदला. काळं आणि करपट वासाचं असेल तर क्लच जळालेत. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कुलरला भोक पडून पाणी बॉक्समध्ये शिरलंय. मग गाडी एक किलोमीटरही चालवू नका. पाण्याने क्लचप्लेटचं अस्तर सुटतं आणि बॉक्स उघडावाच लागतो.

आपल्याकडे ऑइल लवकर जळायला दोन कारणं आहेत. एप्रिल-मेमध्ये सावलीत पारा ४० च्या वर असतो, हे एक. दुसरं कुणी लक्षात घेत नाही, ते म्हणजे बोअरचं पाणी. क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की आत खपली धरते. ट्रान्समिशनचा कुलर त्याच रेडिएटरच्या टाकीत बुडालेला असतो, म्हणून इंजिनच्या आधी बॉक्स तापू लागतो. रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट एवढंच घाला. रेडिएटरच्या पत्र्यांत आणि पॅनवर बसलेली काळ्या मातीची धूळ दर काही महिन्यांनी धुवा. एखाद्या घाटात ट्रकमागे अडकून गाडी रांगत चढवावी लागणार असेल, तर रेडिएटरपुढे वेगळा ट्रान्समिशन कुलर लावून घ्या. तो मूळ कुलरच्या नंतर, बॉक्सकडे परतणाऱ्या लाइनवर जोडा.

ऑइल बदलताना 'ऑटोमॅटिकचं आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. सीव्हीटी गाड्यांचं ऑइल वेगळं असतं आणि फोर्डच्या जुन्या बॉक्ससाठीचं टाइप-एफ वेगळं. ९० नंबरचं गिअर ऑइल तर मुळीच नको. गळती थांबवणारी रसायनंही टाळा. ती रबर फुगवतात आणि काही महिन्यांनी तेच रबर गळायला लागतं.

५. लिव्हरची लिंकेज

हे काम फुकटात होतं, म्हणून लोक ते सोडून देतात. लिव्हर आणि बॉक्स यांच्यामधल्या जोडणीचे बुश झिजले की आतला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. तुम्ही डी मध्ये असता, पण क्लचला पुरेसा दाब मिळत नाही आणि तो हळूहळू जळतो. गाडी स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि बॉक्सजवळची जोडणी सोडा. बॉक्सवरचा आर्म हाताने फिरवत त्याचे खटके मोजा. प्रत्येक खटक्याला आतला लिव्हर आणि बॉक्सवरचा आर्म एकाच वेळी आपापल्या जागी बसले पाहिजेत. नसतील तर रॉड किंवा केबलची लांबी कमी-जास्त करा. मग इंजिन फक्त पी आणि एन मध्येच स्टार्ट होतंय ना, हे बघा.

६. व्हॅक्यूम आणि मॉड्युलेटर: इथे घाई करू नका

गिअर उशिरा आणि झटक्याने पडत असतील तर पहिला संशय इथेच घ्या.

मॉड्युलेटर म्हणजे बॉक्सच्या उजव्या अंगाला बसवलेली डबीसारखी वस्तू. तिच्यात रबरी पडदा असतो. इंजिनच्या मॅनिफोल्डमधून आलेला व्हॅक्यूम त्या पडद्याला ओढतो. पाय हलका असेल तेव्हा व्हॅक्यूम भरपूर असतो, मग बॉक्सचा दाब कमी राहतो आणि गिअर लवकर, अलगद पडतात. पाय दाबला की व्हॅक्यूम घटतो, दाब वाढतो आणि गिअर उशिरा, घट्ट पडतात. आता पाइप फुटला, सुटला किंवा उंदराने कुरतडला, की व्हॅक्यूम शून्य होतो. बॉक्सची समजूत अशी होते की गाडी सतत पूर्ण ताकदीने पळवली जातेय. बॉक्समध्ये काहीही बिघडलेलं नसतं.

तपासणीचा क्रम असा ठेवा.

पाइप बघा. मॅनिफोल्डपासून बॉक्सपर्यंत लोखंडी नळी जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना रबराचे छोटे तुकडे असतात. दोन्ही तुकडे बदलूनच टाका. पेट्रोलचा साधा पाइप वापरलात तर गरम झाल्यावर तो आत चिकटतो आणि वाट बंद होते. लोखंडी नळी गंजून भोक पडलं असेल तर ते सायलेन्सरजवळच्या वळणात सापडतं.

मॉड्युलेटरकडचा पाइप काढा. आत लाल ऑइल दिसलं तर पडदा फाटलाय. इंजिन ते ऑइल ओढून जाळतं. म्हणून धूर येतो आणि जमिनीवर थेंब न पडताही पातळी कमी होत जाते. अशा वेळी दुसरी तपासणी नको, मॉड्युलेटर बदला. पाइपात नुसता पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर तो दोष मानायचा कारण नाही.

बॉक्सजवळच्या टोकाला गेज लावा. मॅनिफोल्डजवळचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण मधल्या गळतीचा त्यात पत्ता लागत नाही. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला १८ ते २० इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम देतं. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटरवर आहे. दर ३०० मीटरला साधारण १ इंच कमी होतो. म्हणजे परदेशी मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा आपल्याकडे जवळपास २ इंच कमीच दिसणार. १६ ते १८ दिसलं तर घाबरू नका. १४ च्या खाली असेल किंवा काटा थरथरत असेल तर आधी इंजिनकडे वळा: इग्निशन टायमिंग, मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॉल्व्ह. इंजिनच्या आजारावर बॉक्सचा उपचार चालत नाही. इंजिनात रेसिंगचा, 'हॉट' म्हणतात तो कॅमशाफ्ट टाकलेला असेल तर व्हॅक्यूम कायमच कमी राहतो. अशा गाडीला स्क्रूने कमी-जास्त करता येणारा मॉड्युलेटर घ्या.

हातपंपाने मॉड्युलेटर तपासा. १८ इंच ओढा आणि ३० सेकंद थांबा. काटा घसरला तर पडदा गेलाय.

बदलणं अगदी सोपं आहे. एक बोल्ट आणि एक पट्टी काढली की मॉड्युलेटर बाहेर येतो. खाली भांडं ठेवा, थोडं ऑइल सांडेल. त्याच्यामागे केसमध्ये एक छोटा दंडगोल व्हॉल्व्ह असतो. तो चुंबकाने ओढून काढा, स्वच्छ ऑइलमध्ये धुवा आणि परत घाला. स्वतःच्या वजनाने तो सहज सरकला पाहिजे. काढताना त्याचं कोणतं टोक बाहेर होतं, हे फोटो काढून ठेवा. नवी ओ-रिंग ऑइल लावून बसवा.

काही मॉड्युलेटरच्या नळीत आत छोटा स्क्रू असतो. तो उजवीकडे फिरवला की गिअर उशिरा आणि घट्ट पडतो, डावीकडे फिरवला की लवकर आणि मऊ. एका वेळी अर्धाच फेरा द्या आणि रस्त्यावर बघा. मऊ गिअर सगळ्यांना आवडतात. पण फार मऊ केलेला गिअर प्रत्येक वेळी थोडा घसरून मग पकडतो आणि क्लच जाळतो. हलकासा, जाणवेल एवढा धक्का बसत असेल तर तो तसाच राहू द्या.

७. किकडाउन

टीएच ४०० मध्ये ॲक्सिलरेटरच्या लिंकेजवर किंवा पेडलजवळ स्विच असतो आणि बॉक्सच्या आत सोलेनॉइड. इग्निशन चालू करा, इंजिन बंद ठेवा आणि कुणाला तरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. बॉक्समधून 'टक्' असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर फ्यूज बघा, मग बॉक्सवरच्या जोडणीला १२ व्होल्ट येतात का ते मोजा. व्होल्ट येतात पण आवाज नाही, तर सोलेनॉइड पॅनच्या आत आहे. पॅन उघडाल तेव्हा तो बदला.

याच्या उलटा दोष जास्त फसवा असतो. स्विच दाबलेल्या अवस्थेत अडकला तर सोलेनॉइडला कायम वीज मिळते आणि हलक्या पायानेही गिअर फार उशिरा पडतात. लक्षण अगदी मॉड्युलेटरसारखंच दिसतं. नवा मॉड्युलेटर बसवूनही फरक पडला नाही तर बॉक्सवरची वायर काढून ठेवा आणि गाडी चालवा. गिअर वेळेवर पडू लागले तर दोष स्विचचा आहे.

टीएच ३५० मध्ये हे काम केबल करते. पेडल तळाला गेल्यावरच ती पूर्ण ताणली गेली पाहिजे. जास्त ताणलेली असेल तर गिअर उशिरा पडतात, ढिली असेल तर किकडाउन होतच नाही.

८. गव्हर्नर

गाडी पहिल्या गिअरमध्येच ओरडत राहते आणि वरचा गिअर पडतच नाही? किंवा उभ्या जागेवरून दुसऱ्या-तिसऱ्यातच उचलते? मग गव्हर्नर बघा. टीएच ४०० मध्ये तो बॉक्सच्या मागच्या भागात चार बोल्टच्या झाकणाखाली असतो. टीएच ३५० मध्ये गोल झाकण तारेच्या क्लिपने धरलेलं असतं. झाकण काढा आणि गव्हर्नर हळूच फिरवत बाहेर ओढा. खालच्या नायलॉनच्या गिअरचे दात खाल्ले गेलेत का, वजनं मोकळी हलतात का, स्प्रिंगा जागेवर आहेत का आणि मधला व्हॉल्व्ह सरकतो का, एवढं बघा. दात गेले असतील तर नुसता गिअर बदलता येतो, पण पिन नीट ठोकून बसवावी लागते. कचऱ्याने अडकला असेल तर धुऊन परत लावा. मग पॅन उघडणं टाळू नका, कारण तो कचरा कुठून तरी आलेला असतो.

९. पॅन आणि फिल्टर

बहुतेक पॅनला ड्रेन प्लग नसतो. मागचे बोल्ट आधी काढा, पुढचे ढिले ठेवा. पॅन एका बाजूने खाली येतो आणि ऑइल भांड्यात पडतं. ३.५ ते ४ लिटर निघेल. कन्व्हर्टर धरून एकूण सुमारे १० लिटर असतं, म्हणजे बाकीचं आतच राहतं.

पॅनच्या तळाला काय साचलंय ते बोटाने चोळून बघा. करडा, मऊ लेप प्रत्येक जुन्या बॉक्समध्ये असतो. काळे, कुरकुरीत कण क्लचचे, पिवळसर चकाकी बुश किंवा वॉशरची, लोखंडाचे सळईसारखे तुकडे बेअरिंगचे. नायलॉनचे तुकडे सापडले तर वरचा गव्हर्नर पुन्हा बघा.

फिल्टर काढताना त्याच्या नळीची जुनी ओ-रिंग केसमध्ये अडकून राहते. ती काढली नाही तर नवा फिल्टर नीट बसत नाही, पंप हवा ओढतो आणि "ऑइल बदलल्यावर बॉक्स बिघडला" अशी तक्रार सुरू होते. पॅनचे बोल्ट आलटून-पालटून १६ न्यूटन-मीटरला आवळा. गॅस्केटवर सिलिकॉन लावू नका. आत सुटलेला तुकडा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. बोल्टच्या भोकांभोवती पॅनचा पत्रा आत दबला असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून आधी सरळ करा.

व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे ऑइलचा दाब वेगवेगळ्या क्लचकडे वळवणारा भाग, उतरवू नका. तिच्यातल्या गोळ्या खाली पडतात आणि कोणती कुठली हे नकाशाशिवाय कळत नाही. मशीनने फ्लशिंगही नको. त्याऐवजी ५०० किलोमीटर चालवून पॅनचं ऑइल पुन्हा एकदा बदला.

१०. दाब मोजा

आतापर्यंतचं सगळं ठीक आहे आणि तरी तक्रार आहे, तर टेस्ट पोर्टला प्रेशर गेज लावा. आयडलिंगला, डी मध्ये, व्हॅक्यूम जोडलेला असताना टीएच ४०० चा दाब ६० ते ७० पीएसआयच्या आसपास दिसतो. व्हॅक्यूमचा पाइप काढून बुजवा आणि रेस १,२०० वर न्या. डी मध्ये १५० च्या जवळ आणि रिव्हर्समध्ये २४० च्या आसपास गेला पाहिजे. चाकं हवेत ठेवून ही चाचणी करताना ब्रेक दाबलेला हवा, आणि गाडीखाली कुणीही नको. अंतिम आकडा तुमच्या मॅन्युअलमधला.

सगळीकडे दाब कमी असेल तर फिल्टर, पंप किंवा प्रेशर रेग्युलेटर. एकाच गिअरमध्ये कमी असेल तर त्या गिअरच्या क्लचचं सील. दाब सगळीकडे योग्य असूनही घसरतंय, तर क्लचप्लेट संपल्यात.

११. कोणत्या गिअरला काय पकडतं

टीएच ४०० मध्ये फॉरवर्ड क्लच पुढच्या तिन्ही गिअरला लागतो. दुसऱ्याला इंटरमीडिएट क्लच त्याच्या जोडीला येतो, तिसऱ्याला डायरेक्ट क्लच. रिव्हर्सला डायरेक्ट क्लच आणि मागचा बँड (ड्रमभोवती आवळणारी पट्टी). यावरून पुढचे निष्कर्ष निघतात:

- रिव्हर्स उत्तम, पुढे गाडी हलतच नाही: फॉरवर्ड क्लच.
- तिसरा आणि रिव्हर्स दोन्ही घसरतात: डायरेक्ट क्लच.
- पहिला-तिसरा ठीक, दुसरा पडत नाही किंवा घसरतो: इंटरमीडिएट क्लच.
- डी मध्ये जागची हलत नाही, पण लिव्हर एकवर आणला की निघते: लो रोलर क्लच.
- लिव्हर दोनवर आणून उतारावर इंजिन गाडीला आवरत नाही: पुढचा बँड.
- तिसरा ठीक, पण रिव्हर्स लागत नाही आणि एकवर इंजिन आवरत नाही: मागचा बँड.

हे निदान कागदावर लिहून मगच कारागिराकडे जा.

१२. बॉक्स उतरवावाच लागला तर

गाडी वर्कशॉपपर्यंत न्यायची तर फ्लॅटबेडवरच न्या. इंजिन बंद असताना मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली तर बॉक्सचा पंप चालत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात. दोरी बांधून ओढत नेण्यात चांगले भागही जातात. धक्का मारून ही गाडी स्टार्ट होत नाही, तो प्रयत्न सोडा.

कारागिराला तीन गोष्टी आधी सांगा: सगळे क्लच आणि सील नवे, कन्व्हर्टर बदललेला किंवा उघडून साफ केलेला, आणि कुलरच्या लाइन फ्लश केलेल्या. जळालेल्या क्लचचा चुरा कुलरमध्ये अडकून राहतो आणि नव्या बॉक्सला पहिल्याच दिवशी पुरवला जातो.

परत बसवताना कन्व्हर्टरमध्ये एक ते दीड लिटर ऑइल आधी ओता. मग तो हाताने फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने आत जातो: आधी टर्बाइन शाफ्टवर, मग स्टेटरच्या दातांवर, शेवटी पंपाच्या खाचेत. बॉक्स इंजिनला बोल्टने पूर्ण आवळल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे. त्याच्या आणि फ्लेक्सप्लेटच्या (इंजिनच्या मागच्या पातळ चकतीच्या) मध्ये ३ ते ५ मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. फट नसेल तर तो पंपात बसलेला नाही. तसेच बोल्ट ओढून आवळलेत तर इंजिन पहिल्यांदा सुरू होतानाच पंप फुटतो. बॉक्स मागे सरकवा, कन्व्हर्टर पुन्हा बसवा, फट मोजा आणि मगच बोल्ट लावा.